शुक्रवारचा शेवटचा तास

(पुण्यात प्राथमिक शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

काम पूर्ण केलं तर बक्षीस म्हणून वर्गात चित्रपट दाखवायचा, या पद्धतीविरुद्ध मी आज बोलणार आहे. आधीच कबूल करते, ते मी स्वतः बरीच वर्षं केलंय. दुसरीचा वर्ग, पट पंचावन्न, शुक्रवारचा शेवटचा तास. 'सगळ्यांनी पाढे लिहून दाखवलेत तर पिक्चर!' एवढं म्हटलं की वर्ग असा चिडीचूप व्हायचा, की मोठ्या बाई दारातून डोकावून जायच्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, टेबलावर प्रोजेक्टर, आणि कोपऱ्यात मी गुणपत्रकं भरत बसलेली. बक्षीस नक्की कोणाला मिळत होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

शिक्षकांना झोडपायला मी आलेली नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, या सगळ्याला वेळ कुठून आणायचा? तो मुलांच्याच वेळातून काढला जातो. काढा बापडे, पण त्याला बक्षीस म्हणू नका.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. दर आठवड्याला दीड तासाचा एक चित्रपट धरला, तर वर्षाचे पन्नासेक तास होतात. पालक हा हिशोब लगेच मांडतात. मला मात्र तो दुय्यम वाटतो. चित्रपट चांगला असेल आणि नीट दाखवला असेल, तर त्या पन्नास तासांसाठी मी भांडणार नाही. माझं भांडण 'तर' या शब्दाशी आहे. पाढे लिहिलेत 'तर'.

आपल्या आज्या म्हणायच्या, आधी वरणभात संपव, मग श्रीखंड. डेव्हिड प्रीमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हेच तत्त्व शास्त्रीय भाषेत मांडलं: आवडीचं काम नावडत्याच्या मागे जोडलं, की नावडतं पार पडतं. पडतं, खरंच पडतं. प्रश्न एवढाच, की वरणभात नावडता आहे हे त्या मुलाला सांगितलं कोणी? पाढे लय लावून म्हणायला सहा-सात वर्षांच्या पोरांना मजा येते. आपण मध्येच येऊन सांगतो, हे कंटाळवाणं आहे बरं का, म्हणून तर वर काहीतरी देतोय.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालशाळेत एक प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे एखाद्या पावसाळी दुपारी 'चला, आज सिनेमा बघू' म्हणणाऱ्या बाईंनी घाबरायचं कारण नाही. अपाय सौद्यात आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही वर्गाबाहेर ठेवा म्हटलं, त्याला तर शंभरएक वर्षं होत आली.

आणि सौदा म्हटला की कोणीतरी हरतंच. माझ्या वर्गात एक मुलगा सावकाश लिहायचा. अक्षर मोत्यासारखं, पण वेळ लागायचा. एका शुक्रवारी त्याचे पाढे झाले नाहीत, आणि मी त्याला वहीसकट व्हरांड्यात बसवलं. आत हत्तीचा चित्रपट चालू. सोमवारी मी सहज विचारलं, काय पाहिलंत रे? आतल्या चोपन्न जणांना हत्ती होता एवढं आठवलं. त्यांनी तो वेळ खोड्या काढण्यात आणि डबा खाण्यात घालवला होता. गोष्ट सांगितली ती व्हरांड्यातल्या मुलाने. खिडकीतून नुसता आवाज ऐकून, क्रमवार! पाणी कुठे आलं, हत्ती कुठे ओरडला, सगळं. फक्त शेवट कळला नव्हता, कारण मध्येच घंटा झाली. 'बाई, मग हत्तीचं काय झालं?' मला उत्तर देता आलं नाही. मी गुणपत्रकं भरत होते ना.

सिनेमाचाही यात अपमान आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून या गावात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. आणि या गावातलं मूल शाळेत सिनेमा बघतं तो कसा? पेनड्राइव्हवर जे सापडेल ते, घंटा झाली की अर्ध्यावर बंद. चित्रकलेचा तास असतो, गाण्याचा असतो. सिनेमा तेवढा लाडू म्हणून वाटायचा.

एक व्यवहाराची गोष्ट मध्येच सांगून टाकते. चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघत जा. चित्रपट कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीपासून 'यूए' मध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षं अशा पायऱ्या झाल्यात. या गटात पालकांचं मार्गदर्शन गृहीत धरलेलं असतं, आणि तुमच्या वर्गात पालक नसतात. दुसरीच्या वर्गाला साधा, सर्वांसाठीचा 'यू' पुरे. तोसुद्धा आधी स्वतः पूर्ण बघा. कार्टून असलं म्हणून काय झालं, पिल्लाची आई मेली की त्या रात्री चार घरांत कोणी झोपत नाही.

त्या सोमवारनंतर मी 'तर' सोडला. महिन्यातून एकदा, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, पहिल्याच तासाला चित्रपट. दहा-पंधरा मिनिटांचाच, सगळ्यांना, पाढे झालेले असोत नसोत. आधी प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा धरून नुसता आवाज ऐकवायचा. ही युक्ती माझी नाही, व्हरांड्यातली आहे. मुलं आपापल्या मनातलं चित्र काढायची, मग पुठ्ठा काढून बघायचं, आणि बहुतेक वेळा 'बाई, परत' म्हणून पुन्हा बघायचं. मीही खाली सतरंजीवर बसायचे. पाढ्यांचं काय झालं म्हणाल, तर थोडे दिवस वर्ग कुरकुरला, मग पूर्वीइतकेच पाढे होऊ लागले.

हत्तीचा तो चित्रपट मोठा होता, तो आम्ही चार शनिवारांत तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा पाहिला, या वेळी शेवटापर्यंत. तो मुलगा सगळ्यांत पुढे बसला होता. दिवे लागल्यावर मी त्याला विचारलं, आवडला का रे? थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, 'बाई, माझा हत्ती याच्यापेक्षा मोठा होता.'