सुधारणांनी मोकळी केलेली वाट

1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर देशात चांगल्या नोकऱ्या आल्या, तरी शिकलेली मुले परदेशी जायची का थांबली नाहीत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. परदेशी जाण्यामागे गरिबी असते हे अर्धेच खरे आहे. जायला पदरी पैसा लागतो, डॉलर मिळावे लागतात आणि पलीकडे बोलावणारे कोणीतरी लागते. सुधारणांनी या तिन्ही गोष्टी सोप्या केल्या.

'फेरा' या परकीय चलनाच्या कडक कायद्याच्या काळात डॉलर परवानगीने मिळत, तेही मोजून. ऑगस्ट 1994 मध्ये रुपया चालू खात्यावर परिवर्तनीय झाला, म्हणजे व्यापार, प्रवास, शिक्षण अशा खर्चासाठी तो देऊन परकीय चलन घेता येऊ लागले. जून 2000 पासून 'फेरा'च्या जागी 'फेमा' हा सौम्य कायदा आला. 2004 मध्ये माणशी वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली. आज ती मर्यादा अडीच लाख आहे. मध्यमवर्गीय घराला परदेशी विद्यापीठाची फी भरता येऊ लागली ती यामुळे.

माणसे मात्र आधीच तयार होती. वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. पुढे सॉफ्टवेअर निर्यातदारांना सोयी देणारे सरकारी सॉफ्टवेअर पार्क आले, निर्यातीच्या नफ्यावर करमाफी मिळाली आणि त्याच सुमारास अमेरिकेत वर्षाला 65 हजारांच्या मर्यादेचा, कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा एच-वन-बी व्हिसा सुरू झाला. 2001 ते 2003 मध्ये ही मर्यादा 1 लाख 95 हजार होती. पुण्यात नोकरी देणारी कंपनीच मुलाला 'ऑनसाइट', म्हणजे परदेशी ग्राहकाकडे कामाला, पाठवू लागली. म्हणजे देशात रोजगार देणारा उद्योगच बाहेर जायची वाट ठरला.

आज अधिक मुले शैक्षणिक कर्ज काढून जातात, आणि माझी खरी काळजी इथे आहे. 40 लाखांचे कर्ज, व्याज 11 टक्के. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचे हप्त्यांच्या सवलतीचे एक वर्ष मिळून सरळव्याजच 13 लाख 20 हजार होते. म्हणून रक्कम सत्रागणिक उचलावी आणि व्याज शिकतानाच भरत राहावे. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर कामाची मुभा 12 अधिक 24 महिने मिळते. तेवढ्यात एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत नाव लागले नाही, तर तेच कर्ज इथल्या पगारातून फेडावे लागते. घरोघरी हिशेब होतो तो तिथल्या पगाराचा, या शक्यतेचा होत नाही.

नाव लागले तरी नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे, म्हणजे कायम राहण्याचे परवाने, वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, आणि एका देशाला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांची झाली आहे. मूल 21 वर्षांचे झाले की पालकांच्या अर्जातून त्याचे नावही गळू शकते.

परतायचे म्हटले, तर सॉफ्टवेअरवाल्याला पुणे आहे. संशोधकाला मात्र प्रयोगशाळा हवी, आणि आपला संशोधनावरचा खर्च अजून राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्याही खाली आहे. हे काम 1991 च्या सुधारणांनी हाती घेतलेच नव्हते.