कॅमेरा कशावर लावायचा?

(दृश्य: सकाळ. लांबलचक टेबलं, कीबोर्डचा आवाज.)

सुताराचं काम दाखवायचं तर रंधा दाखवता येतो. या खोलीतही दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. हा डेव्हलपर कोड लिहितोय. शेजारची डिझायनर अर्ध्या तासापासून एका बटणाचे कोपरे गोल करतेय. पलीकडचा टेस्टर ॲप कुठून मोडतंय ते मन लावून शोधतोय.

आणि खिडकीपाशी बसलीय ती या ॲपची प्रॉडक्ट मॅनेजर. ती कोड लिहीत नाही, चित्रं काढत नाही, माल विकायला जात नाही. इथल्या कुणाचा पगार तिच्या हातात नाही, कुणाची रजा तिच्याकडे मंजुरीला येत नाही. पण ॲप फसलं की पहिला फोन तिलाच येतो.

आमची अडचण साधी आहे. हिचं काम शूट कसं करायचं?

(पडद्यावर: एक टिकेट.)

दहाला पाच मिनिटं. सेल्सकडून टिकेट, म्हणजे कामाची नोंदवलेली मागणी, आलंय. रिपोर्टच्या पानावर 'एक्सेलमध्ये डाउनलोड करा' असं बटण हवं. मोठा ग्राहक मागतोय. आणि खाली ती ओळ, जी अशा प्रत्येक टिकेटात असतेच: 'छोटंसंच काम आहे.'

स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, विषय निघतो. डेव्हलपर म्हणतो, "दोन दिवस लागतील. टाकू का करून?"

"थांब जरा. आधी मी त्यांच्याशी बोलते."

ती फोन लावतेय, तोवर आपण थोडं मागे जाऊन येऊ.

(जुनं छायाचित्र: टंकलेखन यंत्र, कागद.)

१३ मे १९३१. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत, नील मॅकेलरॉय नावाचा २६ वर्षांचा तरुण वरिष्ठांना एक टिपण लिहितो. त्याच्याकडे कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम. साबणाची झुंज बाहेरच्यांशी होतीच, शिवाय घरातला थोरला भाऊ, कंपनीचाच आयव्हरी साबण, समोर उभा. मॅकेलरॉयचं म्हणणं असं, की प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस हवा. त्यानं विक्रीचे आकडे बघावेत. जिथे माल उठत नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदारांशी बोलावं. का उठत नाही ते शोधावं, उपाय आखावा आणि त्याची जबाबदारीही घ्यावी. तीन पानांचं हे टिपण प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचं मूळ मानलं जातं.

साबणातून निघालेल्या या कामाचा धागा संगणकाशी जुळतो, तोही गमतीदार आहे. हाच मॅकेलरॉय १९५७ साली अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. त्याच्या कारकिर्दीत, १९५८ मध्ये, आर्पा ही संशोधन संस्था निघाली आणि तिच्या पैशातून १९६९ मध्ये आर्पानेट सुरू झालं, म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. साबणवाल्याचं टिपण आणि आपल्या हातातला फोन यांच्यामध्ये एकच माणूस सापडतो.

साबणाची वडी मात्र कारखान्यातून बाहेर पडली की संपली. सॉफ्टवेअर संपत नाही. दर पंधरवड्याला नवा स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक टप्पा, आणि नवं रिलीज. त्यामुळे मागण्याही संपत नाहीत. त्या जिथे साचतात त्याला म्हणतात बॅकलॉग.

(पडद्यावर: खाली खाली सरकत जाणारी यादी.)

बॅकलॉग म्हणजे घराचा माळा. टाकवत नाही म्हणून वर सरकवलेली प्रत्येक वस्तू तिथे असते. ही मागणी दोन वर्षांपूर्वीची आहे. मागणारा नोकरी सोडून गेला, पण टिकेट आहे. ही तीन वेगवेगळ्या नावांनी तीनदा आलीय. ही डायरेक्टरांना विमानात सुचली होती. माझं मत विचाराल तर निम्मा माळा डोळे मिटून रिकामा करावा. ज्याला खरंच हवं असेल तो पुन्हा मागेल. पण 'करणार नाही' असं लिहून टिकेट बंद करायला हात धजत नाही. 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणणं किती सोपं!

हेही सांगून टाकतो: हे काम वाईट करणं फार सोपं आहे. वरच्यांनी तारीख सांगितली की ती खाली पोचवायची, खालच्यांनी अडचण सांगितली की ती वर पोचवायची. दिवसभर मीटिंगा, संध्याकाळी त्यांचे वृत्तांत. असा निरोप्या दोन-दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

(दृश्य: हाताच्या पंजाएवढा लाकडाचा ठोकळा.)

आता हा ठोकळा बघा. १९९०च्या दशकात, खिशात मावणारा संगणक बनवू पाहणाऱ्या पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्सनं तो बनवला आणि दिवसभर शर्टाच्या खिशात घेऊन हिंडला. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लाकडी काडीनं लिहिल्याचं सोंग करायचं. लोक बघत राहत. त्याच्या चमूचं आधीचं यंत्र, झूमर, बाजारात आपटलं होतं. या खेपेला सर्किट जोडण्याआधी त्याला कळायला हवं होतं, की असलं यंत्र आपण खरोखर खिशातून काढू का? काढलं तर कशासाठी? खिशात मावेना, तर कितीही सोयी घालून उपयोग नव्हता. १९९६ मध्ये पाम पायलट आला आणि धडाक्यात खपला. विजेची एक तारही नसलेल्या लाकडानं त्याचं माप ठरवलं होतं.

(दृश्य: पुन्हा खिडकीपाशी. ती हेडफोन काढते.)

फोन झाला. पस्तीस मिनिटं. बटण मागणाऱ्या बाई ग्राहकाच्या ऑफिसात गोदामाचं काम बघतात. दर सोमवारी सकाळी त्या आमच्या रिपोर्टमधले आकडे हातानं एक्सेलमध्ये उतरवतात, क्रमानं लावतात, नको त्या ओळी उडवतात आणि साहेबांना मेल करतात. साहेब त्यातलं काय बघतात?

"तीन दिवसांहून जास्त रखडलेल्या ऑर्डरी, तेवढंच. बाकीचं कोण बघतंय?"

हे टिकेटात कुठेच नव्हतं. बटण दिलं असतं तर उतरवणं वाचलं असतं. लावणं, उडवणं, पाठवणं तसंच राहिलं असतं. आणि बटण एकदा दिलं की ते कायमचं सांभाळायचं आलं. महिन्याभरात कुणीतरी म्हणणारच, की फाइलीत अजून एक रकाना द्या.

तिनं एक पान लिहिलं. वर अडचण, मग कोणाची, मग उपाय: दर सोमवारी सकाळी आठला, रखडलेल्या ऑर्डरींची यादी थेट साहेबांच्या मेलमध्ये. बटण नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेल्सवाला वैतागला. "अगं, मी बटण कबूल करून बसलोय!"

डेव्हलपरनं हिशेब मांडला. "बटणाला दोन दिवस होते. याला पाच."

"मग या स्प्रिंटमधून काय काढायचं?"

इथे खोली शांत होते. या स्प्रिंटमध्ये जे जे आहे ते कुणाला तरी हवं आहे. डिझायनरची नवी रंगसंगती दोन महिने थांबलीय. टेस्टरला जुने तीन बग मिटवून हवेत. हुकूम सोडायचा अधिकार तिला नाही, म्हणून ती फोनवर ऐकलेला सोमवार जसाच्या तसा सांगते. डिझायनरचं तोंड उतरतं, पण तीच म्हणते, "ठीक आहे, रंग पुढे ढकला." सेल्सवाल्याला सोबत घेऊन प्रॉडक्ट मॅनेजर ग्राहकाला पुन्हा फोन लावते. बटणाचं टिकेट बंद होतं. शेरा: 'करणार नाही. कारण जोडलं आहे.'

(दृश्य: तेच टिकेट, आता करड्या रंगात.)

आम्ही कॅमेरा यावर लावला. करड्या अक्षरांची एक ओळ. दिसायला काहीच नाही, हे मान्य.

(दृश्य: आलेखाची रेघ, खाली उतरणारी.)

पाच आठवड्यांनंतर. आढावा बैठक. पडद्यावर रिपोर्टच्या पानाचा वापर: सोमवारचे आकडे घसरलेत. टेबलाच्या टोकाकडून प्रश्न येतो, "वापर कमी का झाला? लोकांना पान आवडेनासं झालंय का?"

अशा रेघेनं भले भले फसलेत. मायक्रोसॉफ्टच्या नोंदींत स्टार्ट मेन्यूचा वापर कमी होत चाललेला दिसत होता. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचं बटणच गेलं. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की वर्षभरात, विंडोज ८.१ मध्ये, बटण परत आणावं लागलं. क्लिक मोजता येतात. कोपऱ्यात काहीतरी ओळखीचं आहे म्हणून मिळणारा धीर त्या नोंदींत कुठे येणार?

इथे गोष्ट उलटी आहे. पान कुणी उघडत नाही, कारण आता उघडावंच लागत नाही. यादी साहेबांकडे आपोआप जाते. पण वापर वाढवणं हे तिच्याच वर्षभराच्या उद्दिष्टांत लिहिलंय, आणि पडद्यावरची रेघ खाली आलीय.

सगळे तिच्याकडे बघतायत. ती खुर्ची पुढे ओढते, लॅपटॉप वळवते.

"सांगते. एका सोमवारपासून सुरुवात करू या."