तालमीतला वजनकाटा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावच्या तालमीत वजनकाटा नव्हता. गाव खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून जवळच. निवड चाचणी आली की पैलवान वजन बघायला सोसायटीच्या खताच्या गोदामात जायचे. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, चाचणीला तीन दिवस राहिले असताना त्या काट्यावर दोन किलो जास्त भरला. मग पाणी बंद. अंगात दोन स्वेटर, वरून घोंगडं, आणि भर एप्रिलच्या उन्हात मळ्याच्या वाटेनं पळणं. वजन उतरलं. पण पहिल्याच कुस्तीत दादा चक्कर येऊन मातीत बसला. पुढं दोन दिवस त्याला लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. ते त्यानं फक्त मला सांगितलं, घरात कुणाला नाही.

आमचे वस्ताद जिवाला जीव देणारे होते. पोरांच्या खुराकासाठी स्वतःच्या गोठ्यातलं दूध आणायचे. डाव कसा बांधायचा, कसा सोडवायचा, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. पाणी कमी पडलेल्या शरीरात काय घडतं, हे मात्र त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. रक्तातला पाण्याचा भाग घटतो. प्रत्येक ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून ठोके वाढतात. घाम आटतो आणि अंगातली उष्णता अंगातच कोंडते. १९९७ साली अमेरिकेत जेमतेम महिनाभरात कॉलेजचे तीन पैलवान असं वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलले. आता हंगामाच्या सुरुवातीला पैलवानाची लघवी तपासतात, अंगात पाणी पुरेसं आहे याची खात्री करतात, मग चरबी मोजतात आणि त्यानं कितीच्या खाली उतरायचं नाही ते ठरवून देतात.

हे सगळं मला वयाच्या चोविसाव्या वर्षी, क्रीडाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात बसल्यावर कळलं. दादाला ते किती तरी आधी कळायला हवं होतं. म्हणून आज त्या शिक्षणाबद्दलच बोलायचं आहे.

खेळात पुढं शिकायचं म्हटलं की आपल्याकडं बी.पी.एड. आणि एम.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी, एवढंच डोळ्यासमोर येतं. एम.पी.एड. दोन वर्षांचं, ते प्रामुख्यानं शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि प्राध्यापक घडवतं. त्याची गरज आहेच. पण त्याच्या शेजारून दुसरी वाट जाते, तिची आपल्या जिल्ह्यांत फारशी चर्चा होत नाही. व्यायामानं शरीरात काय बदलतं, हाडं-सांधे कसे हलतात, खेळाडूचं मन कसं चालतं, त्याचं पोषण कसं असावं, यातल्या एकेका विषयात एम.एस्सी. किंवा एम.ए. करता येतं. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आहे. चेन्नईत तमिळनाडू सरकारचं शारीरिक शिक्षण आणि क्रीडा विद्यापीठ आहे, मणिपूरला केंद्राचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ २०१८ च्या कायद्यानं झालं. फिजिओथेरपीची पदवी असेल तर एम.पी.टी., म्हणजे त्यातली पदव्युत्तर पदवी, करताना खेळातल्या दुखापतींचा विषय घेता येतो. एम.बी.बी.एस. झालेल्यांना क्रीडावैद्यकात एम.डी. करता येतं. प्रत्येक ठिकाणी कोणती पदवी चालते ते वेगवेगळं असतं. बी.एस्सी. झालेल्या आमच्याकडच्या एका मुलीला फक्त बी.पी.एड.वालेच पात्र असं कुणीतरी सांगितलं आणि तिचं एक वर्ष गेलं. तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, त्या वर्षीचं प्रवेश माहितीपत्रक स्वतः वाचा.

मी व्यायाम शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे व्यायामानं शरीरात काय बदलतं तो विषय, घेतला. पहिल्याच महिन्यात मला तोंडावर मुखवटा बांधून ट्रेडमिलवर पळवलं. दर थोड्या वेळानं वेग वाढतो, चढ वाढतो, आणि तुम्ही श्वासातून किती ऑक्सिजन वापरता ते यंत्र मोजत राहतं. एक वेळ अशी येते की काम वाढलं तरी ऑक्सिजनचा आकडा वाढत नाही. ती तुमची कमाल. ही कल्पना मांडणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना स्नायूंतल्या उष्णतेवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे ते स्वतः पळायचे, आणि १९२० च्या दशकात श्वास गोळा करायची पिशवी घेऊन गवतावर पळत त्यांनी स्वतःवरच मोजमापं केली. मला हे फार आवडतं. तालमीत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या अंगावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आपलाच वाटतो.

या शिक्षणानं मला रोजच्या गोष्टी नव्यानं बघायला लावल्या. साताऱ्याची हिल मॅरेथॉन घ्या. यवतेश्वरचा घाट चढून जायचा आणि तोच उतरून यायचा. सगळे धास्ती घेतात ती चढाची. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरायला लावतो तो उतार. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराला आवरत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. लोक म्हणतात, लॅक्टिक ॲसिड साठलं. तसं नाही. लॅक्टेट तर तासाभरात ओसरतं. आणि त्याच स्नायूला महिनाभर आधीपासून थोडा थोडा उतार दाखवला, तर स्पर्धेनंतर तो इतका दुखत नाही. एवढी साधी गोष्ट ठाऊक असती तर किती जणांचे गुडघे आणि मांड्या वाचल्या असत्या!

आता मुलींबद्दल. इथं मी जरा थांबणार आहे, कारण हा विषय घराघरांत दाबला जातो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. तेव्हापासून पहाटे पळणाऱ्या मुली मला दुष्काळी पट्ट्यातल्या रस्त्यांवरही दिसतात. पण पळणाऱ्या मुलीची पाळी तीन-तीन महिने आली नाही, तर आई म्हणते, व्यायामानं होतं तसं. प्रशिक्षक पुरुष असतो, मुलगी त्याच्याशी बोलत नाही. खरं कारण बहुतेक वेळा पोटात असतं. जितकं पळणं, तितकं खाणं नसतं. शरीर मग काटकसर करतं, आधी पाळी थांबवतं, पुढं हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि मुलांनाही ती होते हे सांगितलं. पाळी थांबणं हे कठोर मेहनतीचं प्रशस्तिपत्र नाही. त्या मुलीला डॉक्टरांकडं न्या, आणि तिच्या ताटात आणखी दोन भाकरी, उसळ, दूध वाढा. या विषयात शिकलेल्या बायका आपल्या भागात हव्यात, असं मला मनापासून वाटतं. मुली त्यांच्याशी बोलतील.

हे शिक्षण फक्त पदकांसाठी नाही. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांतल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी तीच, मालक तोच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांच्या पाठी मी बघतो तेव्हा मला तो अभ्यास आठवतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच पुरुषानं एका वेळी उचलायच्या ओझ्याची शिफारस ५५ किलोवर थांबवली. आपल्या हमालाचा मणका वयाच्या पन्नाशीत कसा असतो, त्याला कोणता व्यायाम सोसेल, हा एम.एस्सी.चा उत्तम लघुप्रबंध आहे. त्यासाठी परदेशी जायला नको, पहाटे यार्डात जायला हवं. साखरेचा आजार असलेल्यांचं तसंच. काम करणाऱ्या स्नायूला रक्तातली साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतरची शतपावली आपल्या आज्या उगाच सांगत नव्हत्या. ती किती, कुणाला, किती वेगानं, ते ठरवायला शिकलेलं माणूस लागतं.

पालकांनो, नोकरीचंही खरं सांगतो. कायम सरकारी जागा थोड्या आहेत. साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, आणि खेलो इंडियाच्या केंद्रांत जागा निघतात, त्या पुष्कळदा कंत्राटी असतात. रुग्णालयं, अकादमी, खासगी संघ यांत काम मिळतं, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी पुस्तकांना घाबरतात. माझा अनुभव असा की इंग्रजी सहा महिन्यांत हाताळता येतं, अडतं ते संख्याशास्त्र. शेवटच्या वर्षाला असाल तर सुट्टीत सरासरी, प्रमाण विचलन इथपासून सुरुवात करा.

दादा आता त्याच तालमीत वस्ताद आहे. दाराशी डिजिटल काटा आहे. त्याच्यावर भिंतीला मी लघवीच्या रंगांचा तक्ता लावलाय, फिकट पिवळ्यापासून कोऱ्या चहापर्यंत. शेजारी खिळ्याला वही टांगलेली असते, पोरं रोज सकाळी आपलं वजन त्यात लिहितात. गेल्या महिन्यात एका चौदा वर्षांच्या पोरानं वजनापुढं लिहिलं होतं, ‘काल पाणी नाही पिलो. चक्कर येते.’ दादानं त्या दिवशी त्याला हौद्यात उतरू दिलं नाही. कडेला बसवून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि वहीत त्या ओळीखाली आपली सही केली.