पिकाला नत्र कधी हवंय ते पिकालाच विचारूया

मागे आवाज येतोय ना? हां, बरं. तर मला ड्रोन, सॅटेलाईट आणि नवीन वाणांवर बोलायला सांगितलंय, आणि त्यावर मी येतोच, पण सुरुवात नत्रापासून करतो, कारण मला मनापासून वाटतं की शेती टिकायची असेल तर आधी नत्राचा हिशेब जमला पाहिजे, बाकीची मशिनं त्यानंतर.

आता बघा, हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पीक त्यातच उभं असतं आणि तरी उपाशी राहतं. का, तर नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती जोडी पिकाला फोडताच येत नाही. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी लॅबमध्ये ती फोडून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ ला जर्मनीत तो सुरू झाला. चारशे-पाचशे डिग्री उष्णता आणि हवेच्या दोनशेपट दाब लागतो त्याला. युरिया याच वाटेने येतो आणि जगातल्या जवळपास अर्ध्या माणसांचं पोट आज असल्या खतावर भरतंय, त्यामुळे खत वाईटच असं मी कधीच म्हणणार नाही.

पण टाकलेल्या नत्रातलं साधारण निम्मंच पिकाला लागतं. उरलेलं कुठे जातं? युरिया वरच पडून राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो. मातीत गेला तर अमोनियम होतो, तो मातीच्या कणांना चिकटून बसतो, तिथपर्यंत ठीक आहे. मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेटला माती धरून ठेवू शकत नाही, मोठा पाऊस आला की मुळांच्या खाली, तिथून विहिरीत. आणि पाणी साचून मातीतली हवा संपली तर त्याच नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साईड तयार होतो, जो तापमानवाढीत कार्बन डायऑक्साईडपेक्षा सुमारे २७० पट जोरदार आहे. म्हणजे खरा घोटाळा अमोनियमचं नायट्रेट फार लवकर होतं तिथे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत येणारे त्यावर.

आता कडधान्याचं रोप. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप काढा, पण उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात, खुरप्याने मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात मुळं हळूच हलवा. गाठी दिसतील, त्यात हवेतलं नत्र फोडून रोपाला देणारे जिवाणू राहतात आणि बदल्यात रोप त्यांना साखर देतं. एक गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल निघाली तर तिथे काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्याच एका प्रथिनाचा आहे! नत्राची जोडी फोडणारं एन्झाईम ऑक्सिजन लागला की बिघडतं आणि जिवाणूला जगायला ऑक्सिजन तर हवा, म्हणून हे प्रथिन तो मोजूनमापून पोचवतं. मी पहिल्यांदा गाठ चिरून पाहिली तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघतच राहिलो, बॉश यांचा अख्खा कारखाना त्या मोहरीएवढ्या गाठीत, तोही शेतातल्या साध्या तापमानाला. आणि अशा पिकाला भरपूर युरिया दिला ना, तर रोप गाठी करायचंच कमी करतं, आयतं मिळतंय तर जिवाणूला साखर कशाला द्या!

हे तृणधान्यात आणायचं म्हणून जगभर धडपड चालू आहे. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात एक जुना उंच मका आहे, त्याला खोडावर जमिनीच्या वरच मुळं फुटतात आणि त्यातून चिकट जेली गळते, त्या जेलीत नत्र पकडणारे जिवाणू राहतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या मक्याचं २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून आलेलं दिसलं. तो मका तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपला म्हणून शास्त्रज्ञांना सापडला, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता नायट्रेटवर परत. काही झाडांची मुळं स्वतःच असं द्रव्य सोडतात की अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. ज्वारीत हे आहे. गव्हाच्या एका रानटी नातेवाईक गवतातला असा गुणसूत्राचा तुकडा संकर करून भरघोस उत्पन्न देणाऱ्या गव्हात आणला गेला, २०२१ ला तो निकाल आला. मला हे सगळ्या ड्रोनपेक्षा मोठं वाटतं, कारण यात शेतकऱ्याला वेगळं काही करावंच लागत नाही, बी पेरलं की झालं. अर्थात तो गहू सगळीकडच्या मातीत कसा वागतो ते बघायला अजून हंगाम लागतील.

तोपर्यंत काय? तोपर्यंत मोजा. भातासाठी लीफ कलर चार्ट येतो, हिरव्या छटांची साधी प्लास्टिकची पट्टी. सकाळी जायचं, उन्हाकडे पाठ करून पान आपल्या सावलीत घ्यायचं, वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर धरायचं, दहा रोपांची दहा पानं. निम्म्याहून जास्त ठरलेल्या छटेपेक्षा फिकी असतील तरच खत, नाहीतर आठवड्याने परत बघा. सॅटेलाईटही हेच बघतो, फक्त वरून. सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाईटचे फोटो फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या चौकटीत. पण ढग आले की तो आंधळा, आणि पीक फिकं आहे एवढंच तो सांगतो, नत्र कमी म्हणून की पाणी साचलं म्हणून ते नाही सांगत, त्यासाठी आपल्याला बांधावर जावंच लागतं.

म्हणून एक सोपी युक्ती करा. शेतात एक अरुंद पट्टा आखा आणि त्याला भरपूर नत्र द्या, बाकी शेताला नेहमीपेक्षा कमी. मग खताचा पुढचा हप्ता द्यायच्या आधी दोन्हीकडच्या पिकाची काळोखी, म्हणजे गडद हिरवेपणा, शेजारी शेजारी बघा. फरक दिसत नसेल तर मातीतच अजून नत्र आहे, तो हप्ता थांबवा. फरक दिसला तर द्या, निश्चिंत मनाने द्या. फक्त तो पट्टा पेरणीच्या वेळीच आखून ठेवा, पीक गुडघ्याएवढं झाल्यावर आठवण झाली तर तुलना करायला काही उरत नाही.