टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये

(श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांसमोर एका ऑडिओलॉजिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कानाला मशीन लावणाऱ्यांची टीव्हीबद्दलची तक्रार ठरलेली असते: आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. घरातल्यांची तक्रारही ठरलेली: आवाज केवढा मोठा ठेवलाय! दोन्ही पक्ष खरं बोलतात.

वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुतेकांचे आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ यांची ओळख पटवणारा बारीक आवाज तिथेच असतो. 'आ' मात्र ठणठणीत ऐकू येतो. त्यामुळे बातम्यांतला माणूस 'साठ' म्हणाला की 'पाठ' की 'गाठ', ते तुम्ही अंदाजाने ठरवता. मशीन या बारीक आवाजांना वर उचलतं, म्हणून समोर बसलेल्या सूनबाईंचं बोलणं कळतं. मग टीव्हीशीच का बिनसतं?

कारण अंतर. अंतर दुप्पट झालं की स्पीकरकडून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतून येणारा आवाज मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच राहतो. आपल्या हॉलमध्ये खाली टाइल्स, समोर काचेचं शोकेस, वर गरगरणारा पंखा. त्यात पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. सोफ्यापर्यंत येईतो शब्द घुमून घुमून विस्कटलेला असतो, आणि मशीनचा माइक तो विस्कटलेलाच शब्द उचलतो. रिमोटवरचा आवाज वाढवलात की घुमणंही तेवढंच वाढतं. म्हणून टीव्हीतला आवाज हवेतून न आणता थेट मशीनमध्ये आणायचा.

त्यासाठी बहुतेक मोठ्या कंपन्या एक छोटा डबा विकतात, टीव्ही स्ट्रीमर. तो टीव्हीपाशी ठेवायचा, एका वायरने टीव्हीला जोडायचा. पुढे तो बिनतारी आवाज तुमच्या दोन्ही कानांत पाठवतो. डबा मात्र तुमच्या मशीनच्याच कंपनीचा लागतो. एका कंपनीचा सहसा दुसरीला चालत नाही, आणि कधीकधी त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेललाही नवा डबा चालत नाही. मुलाने परदेशातून कौतुकाने आणलेला डबा कपाटात पडून आहे, असं बऱ्याच घरांत दिसतं. आधी मॉडेलचं नाव विचारा, मग पैसे काढा.

आता जोडणी. टीव्हीच्या मागे 'ऑप्टिकल' लिहिलेलं एक चौकोनी भोक असतं. टीव्ही चालू असताना आत लालसर उजेड दिसतो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना इवलीशी प्लॅस्टिकची टोपणं असतात. पारदर्शक असल्याने ती दिसत नाहीत, तशीच दाबली जातात, मग केबल बसत नाही आणि 'टीव्हीच खराब आहे' असा निकाल लागतो. टोपणं काढा. केबल खट्‌कन बसली पाहिजे. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम', म्हणजे आवाज पाठवायचा साधा प्रकार, करा. तिथे डॉल्बी हा दुसरा प्रकार राहिला आणि डब्याला ते कळत नसेल, तर कानात शुकशुकाट. सेट टॉप बॉक्सला वेगळं काही करावं लागत नाही. तो एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असेल तर त्याचाही आवाज याच वाटेने येतो.

काही टीव्हींत ऑप्टिकल निवडलं की टीव्हीचे स्पीकर बंद होतात. आजोबा खूश आणि बाकीचं घर मुकं! अशा वेळी 'टीव्ही स्पीकर आणि ऑप्टिकल' असा एकत्र पर्याय मिळतो का ते पाहा. तो मिळाला की टीव्हीचा आवाज घरच्यांनी आपल्या सोयीने ठेवावा, तुमचा आवाज तुम्ही मशीनवरून किंवा मोबाइलमधल्या अॅपवरून ठेवा. माझ्या मते या डब्याचा खरा फायदा हाच. घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मशीनला ब्लूटूथ आहे, टीव्हीलाही आहे, मग डबा कशाला, असं हमखास विचारतात. मशीनमधलं ब्लूटूथ बऱ्याचदा मोबाइलसाठी वेगळ्या पद्धतीचं असतं, टीव्हीला ते ओळखू येत नाही. ओळखलं तरी साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद सहज मागे पडतो. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटवरून निघून गेल्यावर 'टक्‌' ऐकू येतं. स्ट्रीमरमध्ये हा उशीर खूपच कमी असतो.

डबा महाग वाटत असेल तर ऑडिओलॉजिस्टला विचारा, मशीनमध्ये टेलिकॉइल, म्हणजे तारेचं इवलंसं वेटोळं, आहे का. असेल तर गळ्यात घालायचा लूप मिळतो. त्याची पिन टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात घालायची आणि मशीन 'टी'वर करायचं. लूपचं चुंबकीय क्षेत्र मशीनमधली कॉइल पकडते. मशीन कोणत्याही कंपनीचं चालतं. वायर पायात येते, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकपाशी गुणगुण ऐकू येते, पण शब्द स्वच्छ येतात. मला ही जुनी युक्ती फार आवडते, आणि नव्या छोट्या मशीनमधून जागेपायी टेलिकॉइल काढून टाकतात याचा रागही येतो.

नवरा-बायको दोघांनाही मशीन असेल तर? कंपनी एकच असेल तर काही डबे एकाच वेळी अनेकांना आवाज देतात. कंपन्या वेगळ्या असतील तर बहुधा दोन डबे लागतात. यावरचा उपाय म्हणजे ऑराकास्ट. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या ब्लूटूथ पद्धतीत टीव्ही एकदाच प्रसारण करतो आणि ते घेऊ शकणारं कोणत्याही कंपनीचं मशीन ते ऐकतं. टीव्ही आणि मशीन, दोन्हींत ती सोय हवी. नवं मशीन घेणारच असाल तर हा प्रश्न दुकानात जरूर विचारा. केवळ त्यासाठी चालू मशीन मोडीत काढू नका.

आणखी एक. स्ट्रीमर चालू झाला की काही मशीनचे माइक आपोआप मंद किंवा बंद होतात. मालिका छान ऐकू येते, पण दाराची बेल आणि कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. घरी एकटे असाल तर माइक अर्धवट चालू राहील असं सेटिंग ऑडिओलॉजिस्टकडून करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.