गाडीत मागं कोण बसलं?

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या थंडीत कानटोप्या घालून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय 'लोककथांतील प्रवास' असा छापलाय. पण तुम्ही आलात भुतांसाठी, आणि मीही त्यांच्यासाठीच आलोय. भूत असतं की नसतं हा वाद आज नको. मला एकच गोष्ट मांडायचीय. वाहन बदललं की वाटेवरचं भूत बदलतं, आणि ते आपल्याला काय बजावतं तेही बदलतं.

पायी चालणाऱ्याचं भूत म्हणजे चकवा. कुणाकुणाला लागलाय, हात वर करा बघू. मागच्या दोन्ही ओळी! वा! चकव्याला ना रूप, ना उलटे पाय, ना नाकातला आवाज. तो फक्त फिरवतो. बांध ओलांडला, ओढा उतरला, अर्धा तास चाललो, आणि समोर पुन्हा तीच बाभळ. यावर जुन्या माणसांचा उतारा काय? अंगातला सदरा काढ, उलटा करून घाल, आणि खाली बस. तांबडं फुटेपर्यंत जागचा हलू नकोस. अंधारात वाट चुकलेल्या माणसाला याहून शहाणा सल्ला कुणी देईल का?

आणि 'वेताळ पंचविशी' तरी दुसरं काय आहे? खांद्यावर प्रेत, मसणातली वाट, आणि वेताळ राजाला गोष्ट सांगतो ती वाट सरावी म्हणून. आपल्याकडं भूत वाटसरूला सोबतही करतं, हे विसरू नका.

आता बैलगाडी. इथं मी जरा रेंगाळणार आहे. माझे आजोबा वाई तालुक्यातले. गाडीत शेंगांची पोती भरायची आणि खंबाटकीचा घाट चढून लोणंदच्या बाजाराला जायचं. रात्री जेवून गाडी जुंपायची, साट्याखाली कंदील टांगायचा. घाटात एक वळण होतं, तिथं जुना वड आणि बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड. त्या वळणावर गाडीत मागं 'कोणीतरी बसतं' ही सगळ्या गाडीवानांची खात्री. आजोबा सांगायचे, "बैल फेसाळलं, डोळं बाहेर आलं, पाऊल उचलंना. मागं बघितलं न्हाई. मारुतीचं नाव घेतलं, पुढं सरकून धुरीवर बसलो, चाकाला दगुड लावला, बैलं निवू दिली. तवा उतरलं ते."

ही गोष्ट मी लहानपणी पन्नासदा ऐकली असेल. पुढं एका म्हाताऱ्या सुताराकडं बसलो असताना तो जू दाखवत म्हणाला, चढाला पोती मागं सरकतात, गाडीला उलाळी बसते. जू वर उचललं जातं आणि गळ्याखालची सापती बैलाचा गळा आवळते. मी तिथंच उठून उभा राहिलो! मागं कोणीतरी बसलेलंच होतं की! वजन बसलं होतं! आणि आजोबांचा उतारा बघा. पुढं सरक, म्हणजे वजन पुढं आलं, जू खाली बसलं, गळा सुटला. चाकाला दगड, म्हणजे गाडी मागं घरंगळत नाही. आणि मागं बघायचं नाही, कारण चढावर ज्याची नजर मागं गेली त्याचा कासरा ढिला पडतो. ज्या गाडीवानाला अक्षरओळख नव्हती, त्याला घाट चढायचं सगळं शास्त्र त्या भुतानं तोंडपाठ करून दिलं होतं.

म्हणून आजोबांची गोष्ट त्या सुतारानं खोटी पाडली असं मी म्हणत नाही. त्यानं ती माझ्या हातात दिली.

तो वड आता नाही. रस्ता रुंद झाला, वड गेला, दगड कुठं गेला ते सांगणारा कुणी भेटला नाही. मी अर्ज घेऊन दोनदा एका कार्यालयात गेलो. म्हटलं, झाड जाऊ दे, दगड तरी कडेला बसवा. उत्तर आलं नाही. आता तिथून पुढं पाटी आहे, 'अपघातप्रवण क्षेत्र'. ती वाचून पाय ब्रेकवर गेलेला ड्रायव्हर मला दाखवा. दगडासमोर मात्र प्रत्येक गाडीवान थांबायचा. मला त्या दगडाचं फार वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे मुख्य मुद्दा आता धावतपळत.

सायकल आली तशी भुतं कॅरिअरवर बसू लागली. चढाला सायकल जड झाली की समजायचं. तंबाखू मागणारा भेटला तर हातानं द्यायची नाही, अडकित्त्याच्या टोकावर द्यायची, म्हणजे पुन्हा थांबणं आलंच. तळकोकणात देवचार नावाचं राखणदार भूत वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतं. आरवलीच्या वेतोबाला भलेमोठे चामडी जोड वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबा आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट मिळाल्यावर त्यांनीच त्याला मारलं असं लोक सांगतात. त्या रस्त्यानं जाणारा ट्रक अजूनही वेग कमी करून नाणं टाकतो. २००२ साली खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गावर थांबायलाच मनाई, तिथं नाणं टाकणार कुठं?

आणि मग मोटारीचं भूत. पांढऱ्या साडीतली बाई, मध्यरात्री हात दाखवते. कसारा घ्या, कशेडी घ्या, सगळीकडं तीच. अमेरिकेतही मोटारीत बसून मध्येच नाहीशा होणाऱ्या मुलीच्या अशाच कथा १९४२ साली अभ्यासकांनी गोळा केल्या होत्या. या एका गोष्टीवर माझा राग आहे. चकवा म्हणाला थांब, वड म्हणाला थांब, शिंग्रोबा म्हणतो थांब. ही एकटी म्हणते, थांबू नकोस, काच वर कर. रस्त्याच्या कडेला खरंच कुणी जखमी होऊन हात दाखवत असेल तर? अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसी त्रास होऊ नये म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातलं गेलं. कलम आलं, पण त्याला साजेशी गोष्ट आपल्याकडं अजून नाही. ती कुणीतरी रचायला हवी, घाटातल्या चहाच्या टपरीवर रात्री दोन वाजता सांगता येईल अशी.

वेळ संपली. मी शेवटच्या एसटीनं जाणार आहे, तोपर्यंत दाराशी वही घेऊन बसतो. तुमच्या गोष्टी सांगा, पण नुसतं 'घाटात' असं चालणार नाही. कुठलं वळण, कुठलं झाड, आणि गाडीत मागं काय भरलं होतं, तेवढं नीट आठवून या.