पणजीच्या घरातली मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

नऊ-दहा वर्षांची मुलं भुताच्या गोष्टी मागतात आणि आपण सांगतोही. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, रात्री वाट चुकवणारा चकवा. भ्यायला त्यांना आवडतं. पण घरातलं पहिलं मरणही बऱ्याच मुलांना याच सुमारास भेटतं. आजी जाते, आजोबा जातात. "देवबाप्पाकडे गेली" एवढं सांगून आपण मोकळे होतो, आणि मुलाच्या मनातलं तसंच राहतं: ती अजून माझी आजी आहे ना? भुताच्या गोष्टीतूनच या प्रश्नाला हात घालणाऱ्या दोन इंग्रज लेखिकांविषयी आज मला बोलायचं आहे.

लूसी बॉस्टन यांनी १९३९ मध्ये केंब्रिजशायरमधल्या हेमिंगफर्ड ग्रे या गावी नदीकाठचं एक दगडी घर विकत घेतलं. घर बाराव्या शतकातलं. इतक्या पिढ्या जिथे जेवल्या, झोपल्या, आजारी पडल्या, त्या घराच्या भिंतींतूनच त्यांना गोष्ट सुचली. 'द चिल्ड्रन ऑफ ग्रीन नो' १९५४ मध्ये आलं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. चित्रं काढली त्यांच्या मुलानं, पीटरनं.

गोष्टीतला टॉली सात वर्षांचा. आई वारलेली, वडील दुसऱ्या बायकोबरोबर ब्रह्मदेशात, हा बोर्डिंगात. नाताळच्या सुटीत तो पणजीकडे निघतो. नदीला पूर आलेला, त्यामुळे शेवटचा टप्पा होडीतून. दारात पणजी त्याला म्हणते, आलास परत! पोरगं तर आयुष्यात पहिल्यांदा तिथे आलेलं. पण ती वाट पाहत होती, घराण्यातल्या कुणाचा चेहरा घेऊन हा येतो याची. बाळ बघायला आलेल्या आपल्या बायका नाक कुणाचं, कपाळ कुणाचं हे आधी ठरवतात, तीच ही ओढ. आपलं म्हणावं असं कुणी नसलेल्या मुलाला उंबरठ्यावरच एक आख्खं घराणं मिळतं.

त्या घराण्यात टोबी, अलेक्झांडर आणि लिनेट ही तीन भावंडंही आहेत. भिंतीवरच्या चित्रात ती दिसतात. मग कुठे हसू ऐकू येतं, कुठे पावलं वाजतात. टॉली टोबीच्या घोड्यासाठी तबेल्यात साखर ठेवतो. पुढे पणजी त्याला सांगते, की ही मुलं लंडनच्या १६६५च्या प्लेगच्या साथीत गेली. तीनशे वर्षांपूर्वीची मुलं आज जिवंत नसणार, हे टॉलीला कळायला हवं होतं. तरी त्याला धक्का बसतो, कारण एव्हाना ती त्याची झालेली असतात. मला या पुस्तकात सगळ्यात मोलाची वाटते ती पणजी. "तुला भास होतोय" असं ती एकदाही म्हणत नाही. तिलाही ती मुलं ऐकू येतात. पुस्तकात भीती आहे, पण ती बागेतल्या एका शापित झाडाची. मेलेल्या मुलांची भीती कुणालाच नाही.

जोन रॉबिन्सन यांचं 'व्हेन मार्नी वॉज देअर' १९६७ चं. ते जास्त दुखरं आहे. अ‍ॅना अनाथ, सांभाळायला दिलेली. आपल्याला सांभाळण्याचे पैसे या घराला मिळतात, हे तिला कळलंय, आणि मग कुणाच्याच मायेवर तिचा विश्वास बसत नाही. दम्यासाठी तिला नॉरफोकच्या खाडीकाठी पाठवतात. तिथल्या एका जुन्या घरातली मार्नी तिची मैत्रीण होते. अ‍ॅना तिला सांगते, की मला आईचा राग येतो, आजीचा राग येतो, मला टाकून त्या मेल्या म्हणून. गेलेल्या माणसावर मूल रागावू शकतं, हे मोठ्यांना सहसा सुचतच नाही. आपण रडू समजून घेतो, राग दटावतो. इथे तो राग पूर्ण बोलू दिला आहे, आणि पुढे अ‍ॅना मार्नीला एका गोष्टीची मनापासून क्षमा करते. मार्नी तिची कोण लागते, ते मात्र मी फोडणार नाही.

आपल्याकडे पितृपक्षात आजोबांच्या नावानं घास ठेवला जातो, कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळतात. कित्येक घरांत पूर्वजांचे टाक देव्हाऱ्यात असतात. म्हणजे गेलेली माणसं घरातच राहतात, हे आपल्या मुलांना नवं नाही. पण मुलांना सांगायच्या गोष्टीत मेलेला माणूस आला की तो पिंपळावर बसतो आणि मानगुटीला धरतो. आजोबांच्या पानाशी बसलेल्या मुलासाठी वेगळी गोष्ट हवी. ती मराठीत लिहिली जावी अशी माझी फार इच्छा आहे.

तोवर ही दोन पुस्तकं आहेत. इंग्रजी जड गेलं तर आपण वाचावं आणि मुलांना मराठीत सांगावं. टॉली आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चालेल, अ‍ॅना जरा मोठ्या मुलांना. मार्नीवर जपानच्या स्टुडिओ जिब्लीनं २०१४ मध्ये सुंदर चित्रपट केला, पण आधी पुस्तक. आणि ऐकता ऐकता मुलानं घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव काढलं, तर पुस्तक मिटून त्या माणसाबद्दल बोला. काय आवडीनं खायचे, कशावर चिडायचे, गाणं कसलं गुणगुणायचे. गोष्ट उद्या पुढे वाचता येईल.

नमस्कार.